दर्याक कोणी मारल्यान?

कौलारू घरात श्रावणातली सर चालू असताना भांडायचं तर पावसाच्या वरचा आवाज काढावा लागतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सात ऑगस्टच्या रात्री, माझा मुलगा आणि माझी भाची तसा आवाज काढून भांडत होते. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. आम्ही पुण्याहून दुपारी मालवणला पोचलेलो, घाटातली वळणं अजून डोक्यातून गेली नव्हती, आणि पडवीत हा दंगा. मला वाटलं, मोबाइलच्या चार्जरवरून असेल. आतून भावजय म्हणाली, "चार्जर नाय हो वन्सं. समुद्राच्या देवाक कोणीतरी मारल्यान, तेच्यावरसून चल्लाहा."

कोपऱ्यात काका फाटक्या जाळ्याची भोकं सांधत बसले होते. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं होडीवर काढली, त्यातली निम्मी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून. आता होडी भाऊ बघतो, काका जाळी बघतात. मुलांच्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, पण 'समुद्राचा देव मेला' एवढे शब्द कानावर पडले आणि त्यांच्या हातातली सुई थांबली.

"कोणाक मारल्यान?"

"पोसायडनला, आजोबा. समुद्राचा देव. ग्रीक लोकांचा."

"आणि मारल्यान कोणी?"

"माणसानं."

काकांनी चष्मा काढला. चष्मा काढला की काका गोष्ट ऐकायला बसले, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर गोष्ट अशी. 'रेकॉर्ड ऑफ रॅग्नारॉक' नावाचं जपानी कॉमिक आहे. २०१७ च्या अखेरीपासून तिकडच्या एका मासिकात येतंय, २०२१ मध्ये त्याची ॲनिमेशन मालिकाही निघाली. दर हजार वर्षांनी जगभरचे देव सभा भरवतात आणि माणसांना ठेवायचं की संपवायचं ते ठरवतात. यंदा संपवायचं ठरतं. मग एक वाल्कीरी, म्हणजे उत्तर युरोपच्या पुराणांतली रणकन्या, उठून म्हणते, माणसांना एक संधी द्या. तेरा लढती, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला इतिहासातली निवडक माणसं. आधी सात जिंकेल तो जिंकला. पहिल्या लढतीत थॉर जिंकतो, दुसरीत झ्यूस. माणसांचे दोन गडी बाद. आणि तिसऱ्या लढतीला समुद्राच्या देवापुढे माणसांकडून उतरतो सासाकी कोजिरो. उतारवयातला, ढिल्या कपड्यांतला, पाहताक्षणी कुणाच्या मनात भरू नये असा एक तलवारबाज, ज्याची ओळखच मुळी 'इतिहासातला सर्वांत मोठा हरलेला माणूस' अशी करून दिली जाते. तो जिंकतो. पोसायडन मरतो.

भाची एकोणीस वर्षांची, कोजिरोच्या बाजूची. माझा मुलगा सोळाचा, पोसायडनच्या. मला गंमत वाटली ती याची, की समुद्र ज्याने सुट्टीत बघितला तो समुद्राच्या बाजूने होता आणि जिच्या उंबऱ्यापर्यंत पावसाळ्यात लाटांचा आवाज येतो ती समुद्राला मारणाऱ्याच्या बाजूने.

मुलाचं म्हणणं तर्कशुद्ध होतं. ही मुलं ज्याला 'स्केलिंग' म्हणतात ते त्याने केलं होतं. कुठल्या पानावर कुणाचा वेग किती दिसला, कुणी काय फोडलं, कुणाचा वार कुणी झेलला, असा सगळा हिशेब. त्या हिशेबात कोजिरो पोसायडनच्या आसपासही येत नाही. "तो जिंकला कारण लेखकाला तो जिंकायला हवा होता. दोन मॅच देव जिंकले होते. तिसरी पण जिंकले असते तर लोकांनी कॉमिक सोडलं असतं. हे प्लॉट आर्मर आहे."

"प्लॉट आर्मर म्हणजे काय रे?" काका.

मुलगा अडखळला. मीच सांगितलं, "काका, गोष्ट सांगणाऱ्यानं एखाद्याच्या अंगात घातलेलं चिलखत. तो मरायचाच नाही."

"म्हणजे गाऱ्हाणा घातलेला."

मी हसले, पण ते अगदी बरोबर होतं. आमच्याकडे होडी पहिल्यांदा पाण्यात लोटताना एकजण पुढे उभा राहून देवाला साकडं घालतो, 'बा देवा म्हाराजा', आणि मागचे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. खलाशाला काही होऊ नये, जाळं रिकामं येऊ नये, वाईट नजर असेल ती परतवून लाव. शहरात वाढलेल्या मुलाने ज्याची तक्रार केली ते चिलखत इथे दरवर्षी नारळ फोडून, जाहीरपणे मागितलं जातं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. ते मिळतंच असंही नाही.

भाचीचा मुद्दा निराळा होता. तिला वेग आणि ताकद यांत रस नव्हता. कोजिरो आयुष्यभर हरला, म्हणून जिंकला, असं तिचं म्हणणं. कॉमिकमधला कोजिरो लहानपणी आखाड्यात समोरच्याचा अंदाज आला की सरळ 'हरलो' म्हणून बाजूला व्हायचा. बाकीची मुलं हसायची. मग तो एकटा कुठेतरी बसून तीच लढत मनात पुन्हापुन्हा लढायचा, जिंकेपर्यंत. मोठा झाल्यावर एकेका नामवंत तलवारबाजाकडून हरत गेला आणि प्रत्येकाला मनात साठवत गेला. मेल्यावरही त्याने सराव सोडला नाही. चारशे वर्षं मनातल्या मनात लढून मग तो समुद्रासमोर उभा राहतो, आणि सुरुवातीला काहीच करत नाही. बघत राहतो.

"बघत रवलो?" काकांनी मान हलवली. "मगे तो शिकलेलो."

जाता जाता सांगते, पोसायडन समोर येईल त्याला एकाच शब्दाने हाक मारतो, 'झाको'. जपानीत त्याचा अर्थ क्षुद्र, किरकोळ माणूस, पण शब्द मुळात मासळीचा. बारीकसारीक, निवडायच्याही लायकीची नसलेली मिसळ मासळी. भाचीने हे सांगितल्यावर काकांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. "चिंगळां म्हणता काय तो? अरे, बांगडो गावो ना गावो, चिंगळांवर आमची चूल पेटली."

त्या रात्री झोप येईना म्हणून भाचीचा मोबाइल घेऊन मी ती तिसरी लढत वाचून काढली. मला अशा कॉमिक्सची सवय नाही. पानं उजवीकडून डावीकडे, माणसं ओरडतात तेव्हा अख्खं पान ओरडतं. पण पोसायडनच्या चेहऱ्याशी मी थांबले. त्या चेहऱ्यावर राग नाही, द्वेष नाही, जिंकायची घाईसुद्धा नाही. तो समोरच्याकडे पाहतच नाही. जूनमध्ये, मासेमारी बंद झाल्यावर, मालवणच्या राजकोट किल्ल्याच्या बाजूला उभं राहून जो समुद्र दिसतो तो हाच. आपण तिथे आहोत हे त्याच्या खिजगणतीत नसतं. शाळेच्या पुस्तकांतून आणि सिनेमातून मी आजवर पाहिलेले समुद्र सगळे एकतर रागावलेले असत किंवा आई असत. हा मात्र ओळखीचा निघाला, आणि तोही जपानी कॉमिकमध्ये. मग माझ्या मुलाची बाजूही मला थोडी पटली. याला कोण मारणार?

आमच्या लहानपणी असे वाद नव्हते असं नाही. इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आमच्या वाडीत हातोहात फिरायचे, पानं निसटलेली, शेवटचं पान हमखास गायब. त्यातला फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला होता, आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला आरवलीला आमचा खरा वेताळ, वेतोबा, बसलेला. त्याला नवसाला भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. साहजिकच आमचा वाद असा, की दोघांची गाठ पडली तर कोण जिंकेल. पांढऱ्या घोड्यावरचा की पायी फिरणारा? माझा भाऊ फँटमच्या बाजूचा होता. एकदा तो आरवलीला देवळात गेला, तिथल्या चपला त्याने डोळ्यांनी पाहिल्या, आणि येताना एसटीत बसल्या बसल्या त्याने बाजू बदलली.

पण खरा वाद दशावतारात. जत्रेच्या रात्री देवळासमोर मंडप, मध्ये एक बाक, हार्मोनियम, पखवाज, झांज. बाकी सामान नाही. त्या बाकावर बसला की राजा, बाकावर उभा राहिला की डोंगर. मुख्य नाटकाच्या आधी आडदशावतार होतो, त्यात संकासुर येतो. काळा वेष, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद पळवून समुद्रात नेणारा हा राक्षस, आणि विष्णू त्याला मारतो, एवढीच त्याची कथा. पण रंगमंचावर तोच एकटा मालवणी बोलतो, तोच गावच्या सरपंचाची फिरकी घेतो, तोच पुढे बसलेल्या पोरांना घाबरवतो आणि हसवतो. लोकांचा जीव त्याच्यावर. देव शुद्ध बोलतात आणि कंटाळवाणे असतात. (हे माझं मत आहे. काका ते मान्य करणार नाहीत, पण देवाच्या प्रवेशाला चहा प्यायला उठतात ते काकाच.)

संकासुर मरणार हे प्रत्येकाला माहीत. पैज लावायला जागाच नाही. तरी पहाटे घरी चालत येताना माणसं तावातावाने भांडायची, ती यावर की यंदाचा संकासुर मेला कसा. गिरकी किती घेतली, पखवाजाच्या कुठल्या थापेवर पडला, पडताना जीभ सांभाळली की नाही. माझ्या मुलाचं स्केलिंग तिथे पाच मिनिटांत झोपलं असतं.

सात वर्षांची असताना संकासुराला मारलं म्हणून मी भोकाड पसरलं होतं. वडिलांनी खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "रडतंस कित्याक? फाल्या शेजारच्या गावाक परत येतलो तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं घावण्यांसमोर पुन्हा त्याच विषयावर. पाऊस थांबला होता. आता भाचीने हत्यार बदललं होतं, ती कॉमिकमधून इतिहासात गेली होती. खरा कोजिरो होता आणि मियामोतो मुसाशी या दुसऱ्या तलवारबाजाकडून मारला गेला, हे तिने वाचून ठेवलं होतं. सन १६१२, जपानच्या दोन मोठ्या बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुनीतलं एक लहानसं बेट. कोजिरोची तलवार इतकी लांब की लोक तिला 'मोनोहोशिझाओ' म्हणत. म्हणजे कपडे वाळत घालायची काठी.

भावजयीने परसाकडे बोट केलं. तिथे तिची काठी होती, ओल्या टॉवेलांनी वाकलेली. "ह्यां घेवन लढलो?"

"आणि मुसाशीकडे काय होतं विचारा," भाची म्हणाली. "गोष्टीत सांगतात की तो मुद्दाम उशिरा आला, होडीतून. येताना होडीतलं वल्हं तासून त्याची लाकडी तलवार केली. कोजिरोच्या काठीपेक्षा लांब."

इथे काकांनी ताट बाजूला सारलं. वल्हं म्हटल्यावर प्रश्न त्यांच्या खात्यात आला होता.

"उशिरा इलो म्हणतंस. किती वाजता?"

"ठरलं होतं आठच्या सुमाराला. आला दहाच्या आसपास. असं सांगतात."

"तारीख?"

"तेरा. चौथा महिना, तेरा तारीख."

"तां इंग्रजी काय?"

भाचीने मोबाइल चाळला. नाही, जुनं जपानी पंचांग. चंद्राचं. महिना अमावास्येपासून सुरू.

"म्हणजे तेरस," काका म्हणाले. "शुद्ध तेरस."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या किनाऱ्यावरचं लहान मूलसुद्धा करतं, पण माझ्या मुलाने ते कधी पाहिलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तेरसीला तेरा पाऊणे पावणेदहा. "पावणेधाक भरती पुरी. धा वाजता पाणी फिरला. हो माणूस भरतीवर आत इलो, सुकती लागयसर थांबलो, मारल्यान, आणि सुकतीवर भायर गेलो. वल्हा कित्याक व्हया तेका मगे? पाणीच घेवन गेला." काका खूश होऊन टेकून बसले. "उशीर खयचो? वेळेर इलो तो."

जपानच्या सामुद्रधुनीला मालवणचं गणित लागू होईल याची खात्री कोण देणार? प्रत्येक बंदराची भरती आपापल्या वेळेने येते, खाडीच्या तोंडाशी एक आणि आत दुसरी. वल्ह्याची गोष्टही दंतकथेत जमा होण्यासारखी, त्या दोघांबद्दलचं पुष्कळसं मागाहून लिहिलेलं. पण मुसाशीने ओहोटीचा प्रवाह धरून निसटायचं आधीच हेरलं होतं, असं तिकडेही सांगतात हे भाचीने वाचून दाखवलं, आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या जपान्यांनी त्यांना विचारूनच ते लिहिलं होतं.

"म्हणजे कोजिरोला मुसाशीनं नाही, भरती-ओहोटीनं हरवलं," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "मग नंतर तो जाऊन समुद्राच्या देवालाच मारतो. हे... हे लेखकानं मुद्दाम केलं असेल?"

माहीत नाही. पण कॉमिकमध्ये एक जागा आहे ती मी रात्री दोनदा वाचली होती. लढता लढता कोजिरोची तलवार मोडते. संपलं असं वाटतं. मग तिचीच दोन हत्यारं होतात आणि तो दोन्ही हातांनी लढू लागतो. दोन तलवारींची ती पद्धत मुसाशीची. ज्याने त्याला मारलं त्याची. आणि प्रेक्षकांत मुसाशी बसलेला असतो.

मी हे बोलले तेव्हा काका जाळ्याकडे वळले होते. पाठ करूनच म्हणाले, "तुझो बापूस होतो असतो तर तेका आवाडला असता."

वडिलांचं सांगते.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान नावाचं वादळ आलं. अकरा तारखेला ते वर अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, पण त्याआधी आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. किती होड्या बाहेर होत्या आणि कोण कोण परत आलं नाही, हे आजही नावानिशी सांगणारी माणसं बंदरात भेटतात. वडील त्या दिवसांत समुद्रात होते. पाण्याचा रंग आणि वाऱ्याचा वास पाहून त्यांनी जाळं ओढायलाही वेळ घेतला नाही. कापलं आणि होडी फिरवली. नवं जाळं, सोसायटीच्या कर्जातलं, पहिला हप्ताही पुरता फिटला नव्हता. किनाऱ्याला आले तेव्हा वारा अजून तसा बरा होता. बंदरात माणसं हसली. खलाशांपैकी एकजण घरी येऊन आपल्या वाट्याचं बोलून गेला. मी तेव्हा पुण्यात होते, फोनवर आई नुसती म्हणाली, "जाळा कापून इलेत."

मी वडिलांना विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "हरलंय गो." बाजारातून भाजी आणली असं सांगावं तसं. पुढे गोष्ट नाही, कारण नाही.

दुसऱ्या दिवशी हसणारे गप्प झाले. पण ही गोष्ट इथे गोड होत नाही. जाळं गेलं ते गेलंच. कर्ज तीन वर्षं फेडलं, त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. तो खलाशी दुसऱ्या होडीवर गेला आणि पुन्हा आमच्या दारात आला नाही. 'तुम्ही आमका वाचवलात' असं म्हणायलाही कुणी आलं नाही, कारण आपण बुडलो असतो की नाही हे कुणालाच कळत नाही. बुडाला नाही त्याच्याकडे पुरावा काय असणार? वडील मात्र संध्याकाळी खळ्यात बसून तो दिवस पुन्हापुन्हा मांडायचे. इथे वारा फिरला, इथे मी बघितलं, इथे आणखी दहा मिनिटं थांबलो असतो तर निम्मं जाळं आलं असतं. बोट फिरवून शेणाने सारवलेल्या जमिनीवर काढायचे. मला वाटायचं, पश्चात्ताप चाललाय. मी सांगायचे, "बाबा, सोडा आता." ते सोडत नसत.

मोबाइलच्या पडद्यावर तो लहान कोजिरो आखाड्यातून उठून 'हरलो' म्हणतो आणि एकटाच जाऊन मनात लढत बसतो, त्या पानावर मला ती सारवलेली जमीन दिसली. तोपर्यंत मी ती सोळा वर्षं चुकीची वाचत होते.

दुपारनंतर आम्ही सगळे धक्क्याकडे निघालो. सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची असते, ती उठून आठवडा झाला होता, पण नारळ पडल्याशिवाय मोठ्या मनाने पाण्यात जायचं नाही, ही जुन्यांची रीत अजून आहे. मालवणात मान सिंधुदुर्ग किल्ल्याचा. कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला समोरच पाण्यात उभा, तिकडून मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मग गावाचे. त्याआधी, आणि खरं तर त्याच्यासाठीच अर्धं गाव येतं, ती नारळांची झुंज. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला त्याने तो जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा. एवढेच नियम. बाया, बापये, पोरं, सगळे लढवतात.

भाचीचा नारळ काकांनी निवडलेला होता. महिनाभर माळ्यावर ठेवून त्यांनी तो रोज नखाने वाजवून पाहिला होता. आकाराने मुठीहून थोडा मोठा, गोल, सुरकुतलेला. "करटी बघूची, नारळ नाय," म्हणाले. समोर आला तो एक दांडगा गडी, हातात पाणीदार, टपोरा, देवापुढे ठेवावा असा नारळ घेऊन. माझ्या मुलाने हळूच सांगितलं, "स्केलिंगनुसार ही हरणार." एकच आवाज झाला. टपोऱ्या नारळाचं पाणी त्या गड्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तिने तसे चार फोडले. चौथ्याला मुलगासुद्धा ओरडत होता. पाचव्याला समोर आल्या एक आजी, नऊवारीचा पदर खोचलेल्या, आणि त्यांच्या हातात भाचीच्याहूनही लहान, काळपट नारळ. भाचीने तो पाहिला आणि ती काकांकडे वळून म्हणाली, "हा काय आपल्यान होवचो नाय." तरी धरला. फुटला. तिने तो हसत आजींच्या पिशवीत टाकला, आधीच्या चार नारळांची तिची पिशवी उचलली आणि बाजूला येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने पाहते तर ती आजींच्या मागे जाऊन, त्या नारळ कसा धरतात ते निरखत होती.

"तेरा मॅचमध्ये आपला शंकर पण आहे," मुलाने परतताना अचानक काकांना सांगून टाकलं. मी त्याला डोळ्यांनी दटावलं होतं. देवादिकांच्या बाबतीत काका कुठल्या क्षणी बिघडतील सांगता येत नाही.

काका थांबले. "म्हादेव? तेचा काय झाला?"

"जिंकला."

"मगे बरा आसा कॉमिक," काका म्हणाले आणि चालू लागले.

गर्दी पांगल्यावर आमच्या घरचा नारळ सोडायचा होता. हे आम्ही नेहमी एका बाजूला, वाळूत उतरून करतो. वडील होते तेव्हा ते करत, आता काका. हळद, कुंकू, एक फूल. काकांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही पाचजणांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. माझा मुलगा आधी लाजत आणि मग मोठ्याने. काकांनी नारळ मुलाच्या हातात दिला. "टाक रे. तुझ्या बाजूचो देव तो."

त्याने सगळी ताकद लावून भिरकावला. नारळ लांब पडला, वर आला, हिंदकळत राहिला. आणि मग हळूहळू आमच्याकडे यायला लागला.

"परत येतोय," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा जरा पडला होता. मग तो थांबला, बोटांवर काहीतरी मोजायला लागला. "पंधरा. पाऊण. सव्वाअकरा. म्हणजे सहा तासांनी... सव्वापाच." घड्याळ पाहिलं. पावणेसहा झाले होते. "सुकती संपली. पाणी आत यायला लागलंय."

काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत होते.

नारळ येऊन त्याच्या घोट्याला लागला, लाटेबरोबर थोडा मागे गेला, पुन्हा लागला. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिथेच उभा होता.

"आजोबा, आता काय करायचं?"

"रवान बघ," काका म्हणाले.